गिअरच्या खाचेत काकवी

पुण्याहून हिंगोलीकडे मी आजवर पंधरा-वीस वेळा तरी गेलो असेन, पण रस्ता मला कधी माहीत नव्हता. गाडी विजया चालवायची आणि मी डावीकडे बसून तिला पुस्तक वाचून दाखवायचो. कुठलं गाव कुठल्या पानावर आलं, एवढंच मला सांगता आलं असतं. मध्येच ती म्हणायची, "थांब जरा, हा ट्रक काढू दे," आणि मी पानात बोट घालून थांबायचो. ट्रक मागे पडला की पुढचं वाक्य.

विजया, माझी पत्नी, गेल्या श्रावणात गेली. यंदाच्या माघात मी तिच्या माहेरी जाऊन आलो. पहिल्यांदाच स्वतः गाडी चालवत गेलो. तिकडे न गेलेल्या माणसाला काही सांगावं असं त्या प्रवासात फारसं नाही. तरी लिहितो आहे, कारण अजून सगळं नीट आठवतं आहे.

गाडी तिचीच. जुनी, आपोआप गिअर बदलणारी. बारा वर्षांपूर्वी तिनं ती एका डॉक्टरांकडून वापरलेली घेतली होती. क्लच दाबून दाबून तिचा डावा गुडघा दुखायचा, आणि या गाडीला क्लचच नाही. मधल्या दांड्याला चार अक्षरं: पी म्हणजे उभी, आर म्हणजे मागे, एन म्हणजे मोकळी, डी म्हणजे चल. मी कॉलेजच्या ग्रंथालयात आयुष्य काढलं, चार अक्षरं काही जड नव्हती. पण ती चालवत असताना मला शिकायची गरजच पडली नाही. ती गेल्यावर गाडी चार महिने जांभळाखाली उभी राहिली. टपावर पक्ष्यांनी रांगोळी घातली.

मग मार्गशीर्षात आक्काचा फोन आला. आक्का म्हणजे विजयाची थोरली बहीण. गोरेगावला एकटी राहायची. सेनगाव तालुक्यातलं, बाजाराचं गाव.

"सुधाकर मला सुरतेला घेऊन चालला," ती म्हणाली. सुधाकर तिचा मुलगा. "माघात येतो म्हणला. घराला कुलूप लावायचं, मंग परत यायचं काम न्हाई."

मी बरं म्हणालो. दुसरं काय म्हणणार?  मग ती म्हणाली, "विजूनं औंढ्याला नेते म्हणलं व्हतं. तिच्या गाडीत."

औंढ्याला म्हणजे नागनाथाला. मागणं असं काही नव्हतं त्यात. आक्काच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे जीपच्या पायरीवर तिचा पाय जात नाही. काचबिंदूनं नजर अधू झाली आहे. लख्ख उजेडात दिसतं, दिवेलागणीनंतर माणूस आणि खांब सारखेच. विजयाची गाडी बुटकी होती, आक्काला नुसतं मागे टेकून बसता यायचं. मी म्हणालो, "मी आणतो गाडी."

मग शिकलो. शिकवणारा तरुण पहिल्याच दिवशी म्हणाला, "काका, एक लक्षात ठेवा, ही गाडी धक्का मारून चालू होत नाही." बाकी बरंच तो सांगत राहिला, ते मी वहीत लिहून घेतलं.

हिशेब सरळ होता. बुधवारी गोरेगावला पोचायचं, गुरुवारी आक्काला औंढ्याला नेऊन उजेड असेपर्यंत परत आणायचं. शुक्रवारी सकाळी सुधाकर येणार होता. हातात गुरुवार एवढाच होता.

हट्टा

परभणीला मुक्काम करून बुधवारी सकाळी निघालो. वसमत तालुक्यात शिरलं की माघात हवेलाच हळदीचा वास असतो. वावरांत पाला कापून पडलेला, कंद खणून ढीग घातलेले, कुठे मोठ्या पिंपांत हळद शिजते आहे आणि तिची वाफ रस्त्यावर येते आहे. हा वास मी इतक्या वर्षांत घेतलाच असणार, पण वर पाहिलं नव्हतं. विजया काच खाली करायची आणि म्हणायची, "आला बघ वास." मी म्हणायचो, "हं," आणि पुढचा परिच्छेद सुरू करायचो.

हट्ट्याला विजयाचा मामेभाऊ भास्कर आणि त्याची बायको मंदाकिनी राहतात. विजयाच्या माहेरी मी सगळ्यांचाच दाजी. भास्करनं शेतात नेऊन हुरडा भाजला. गोवऱ्यांच्या आगीत ज्वारीची कणसं, हातावर चोळून निघालेले कोवळे दाणे, सोबत शेंगदाण्याची चटणी आणि दही. मंदाकिनी वाढता वाढता विजयाबद्दल बोलत होती आणि मध्येच थांबून माझ्याकडे बघत होती, हा रडतो का काय म्हणून. मी खात राहिलो. दुसऱ्याच्या घरी भूक लागते, हे मला गेल्या सहा महिन्यांत लक्षात आलं आहे.

निघताना ती पिशव्या घेऊन आली. ज्वारी, शेंगा, ओल्या हळदीचे दोन गड्डे, आणि काकवीचा पत्र्याचा डबा. त्यांच्याच गुऱ्हाळाची, आदल्या दिवशीची.

"एवढं कशाला?" मी म्हणालो.

"रिकाम्या गाडीनं कुनी जाते का दाजी? विजूताई असत्या तं पोतं मागून घेतलं असतं." डब्यावर झाकण नव्हतं, धुतलेलं फडकं दोऱ्यानं बांधलं होतं. "ताजी हाय, झाकन घट्ट लावलं की फुगते. डिक्कीत नका टाकू, आडवी व्हईल. हितं ठिवा, तुमच्या डोळ्यासमोर."

आणि तिनं गिअरच्या दांड्याशेजारच्या खळग्यात डबा स्वतःच्या हातानं बसवला. अगदी मापात बसला. त्या खळग्यात विजया बडीशेपेच्या डबीखेरीज काही ठेवू द्यायची नाही. पाण्याची बाटलीसुद्धा नाही. कारण तिनं कधी सांगितलं नव्हतं आणि मी कधी विचारलं नव्हतं. मंदाकिनीला नको म्हणणं मला जमलं नाही.

जवळाबाजारच्या अलीकडे आडवाटेनं उसाची ट्रॉली अचानक रस्त्यावर आली. मी ब्रेक दाबला. गाडी थांबली, डबा थांबला नाही. फडक्यातून काकवीची जाड, तपकिरी धार दांड्याच्या बुडाशी गेली. मी गाडी कडेला घेतली, रुमाल भिजवून जेवढं दिसत होतं तेवढं पुसलं, उरलेला डबा पायाशी ठेवला. वरून स्वच्छ झालं. आमच्या कोकणात काकवी घावनाला लावून खातात. एवढीच आठवण मला तेव्हा झाली, दुसरा काही विचार आला नाही.

औंढ्याजवळ उजवीकडे नागनाथाचा कळस दिसला. उतरलो नाही. उद्या यायचंच होतं.

गोरेगाव

आक्काच्या दारात गाडी उभी केली तेव्हा ऊन उतरलं होतं. दांडा पीकडे ढकलताना थोडा जड लागला. चावी काढायला गेलो तर निघेना. दोनदा ओढून पाहिली आणि तशीच राहू दिली. दिवसभर गाडी चालवून माझेच हात आखडले असतील असं वाटलं.

आक्का काठी टेकत बाहेर आली. मला आधी भेटली नाही. तिनं गाडीला हात लावला, बोनेटपासून सुरुवात करून काचेवरून, दारावरून हात फिरवत पूर्ण वळसा घातला.

"तिचं दार ह्ये?"

"हो. हेच."

"मंग तुमी तिच्या जाग्यावर बसून आले," ती म्हणाली. मग म्हणाली, "हात-पाय धुऊन घ्या."

घरातलं सामान अर्धं बांधून झालं होतं. पाटा शेजारणीला दिलेला, पितळी घागर पुतणीला. भिंतीवर जिथे तसबिरी होत्या तिथे फिकट चौकोन राहिले होते. आंबट चुक्याची भाजी आणि भाकरी होती, आणि वाढलेल्या ताटात काकवीवर तूप. पुण्यात मला कोणी गोड आधी वाढलं तर मी ते बाजूला सारतो. इथे गोडापासूनच सुरुवात होते आणि पाहुण्यानं ते संपवलं की मगच यजमान जेवायला बसतो. मी संपवलं.

गुरुवार

सकाळी आठला आक्का तयार होती. हिरवं लुगडं, हातात खणा-नारळाची पिशवी. तिला पुढे, डावीकडे बसवलं. मी चावी फिरवली. समोरचे दिवे लागले. बाकी काही नाही. घरघर नाही, टक्क नाही. पुन्हा फिरवली. पुन्हा तेच.

दांडा हलवावा म्हटलं तर त्याच्या अंगावरचं बटण दाबलं जाईना. दांडा पुढे जात नव्हता, मागेही येत नव्हता.

गावात गाडी बंद पडली हे सांगावं लागत नाही. दहा मिनिटांत शेजारचे जमले. एकानं हॉर्न वाजवून पाहिला.

"बैलावानी वरडून राहिलाय. बॅटरी चांगली हाय. धक्का मारा."

"अहो, ही गाडी..." मी म्हणालो आणि उतरू लागलो.

"तुमी बसा दाजी! जावयाला धक्का मारायला लावलं म्हनून सेनगावापस्तोर बोंब व्हईल. तुमी निस्तं स्टेरिंग धरा. हँडब्रेक सोडा."

मी धक्क्याचा उपयोग नाही हे दोनदा सांगितलं. पण मी सांगतो ते हळू, आणि दहा माणसं कामं सोडून बाह्या सावरून मागे उभी राहिली होती. आक्काला उतरवून ओट्यावर बसवलं आणि मी गप्प स्टेअरिंग धरून बसलो. ही माझी चूक. त्यांनी जोर लावला. गाडी डुलली, एक बोटभरही सरकली नाही. पीमध्ये चाकं धरलेली असतात.

"पुन्याचं पानी जड दिसतंय."

"दाजी, पुस्तकं भरलेत का डिक्कीत?"

"दाजीच जड झाले असतीन. हट्ट्याहून आले काल, मंदीनं सोडलं असंल का उपाशी?"

तिसऱ्या वेळी एकाची कंबर धरली आणि धक्का थांबला. साडेनऊ वाजले होते. कोणी तरी सुधाकरला फोन लावला. तो सुरतेहून निघायच्या तयारीत होता. "काका, तुम्ही कशाला त्रास घेता? हिंगोलीहून दुसरी गाडी सांगतो. तासाभरात येईल. आईला दर्शनाशी मतलब."

मी फोन आक्काच्या कानाला लावला. तिनं ऐकून घेतलं.

"दुसरी गाडी नको," ती म्हणाली. "दर्शनासाठी न्हाई चालले मी. विजू नेते म्हणली म्हनून चालले. ही चालू झाली तं जाईन, न्हाई तं उद्या तुझ्यासंगं सुरतेला."

त्यानंतर तिला कोणी समजावायला गेलं नाही. ती ओट्यावरून खाली आली, गाडीच्या उघड्या दाराशी खुर्ची टाकून घेतली आणि दाराच्या चौकटीला हात लावून बसली. पिशवी मांडीवर.

माणिक मिस्त्री आला तो अकराला. ट्रॅक्टर आणि मळणीयंत्रं दुरुस्त करणारा, साठीचा, कानावर पेन्सिल. त्यानं दार उघडून पायाशी पाहिलं.

"क्लच कुठं गेला?"

"या गाडीला क्लच नसतो."

"नसते? मंग धक्का कुनी मारायला सांगितला?" तो मागे वळला. सगळ्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "बिगर क्लचच्या गाडीला धक्का मारून काय व्हते रे? निस्ती कंबर जाते." ज्याची गेली होती तो ओट्यावर आडवा होता, तो म्हणाला, "व्हय."

मग मिस्त्री माझ्याजवळ आला, आवाज खाली आणून म्हणाला, "दाजी, ट्रॅक्टर मी डोळे झाकून खोलतो आन् जोडतो. पर ह्ये मशीन मी कधी पाह्यलं न्हाई. खोटं काहून बोलू? हिचं पुस्तक हाय का?"

पुस्तक समोरच्या कप्प्यात होतं, प्लास्टिकच्या पाकिटात. काढताना मला वाटलं, विजयानं समासात काही लिहिलं असेल, खुणा केल्या असतील. एकही खूण नव्हती. पानं कोरी करकरीत, कडा एकमेकींना चिकटलेल्या. तिनं ते कधी उघडलंच नव्हतं. ती गाडी कानानं ओळखायची. आणि मी तिच्याशेजारी बसून इतकी पुस्तकं वाचली, हे मात्र नाही.

पुस्तक इंग्रजीत होतं. मी डाव्या सीटवर बसलो, मिस्त्री उजव्या. मी एकेक ओळ वाचून मराठीत सांगू लागलो.

"गाडी चालू होत नसेल तर आधी दिवे आणि हॉर्न पाहा."

"पाह्यलं. म्होरं."

"दांडा पीवर नीट बसला आहे का पाहा. बसला असला तर समोर पीचा दिवा लागतो."

त्यानं चावी फिरवली. दोघांनी वाकून पाहिलं. बाकी सगळे दिवे होते, अक्षराचा एकही नव्हता.

"म्हंजे बसलाच न्हाई," मिस्त्री म्हणाला. "चाकं धरन्यापुरता गेला, पर दांडा पीच्या अल्याड, आरच्या पल्याड. गाडीला वाटून राहिलं की आपुन गिअरमधी हाओत. गिअरमधी असल्यावर ती सेल्फ घेऊ देत नसंल. उगं पळून जाईल ना."

मी पान उलटलं. तिथे हेच लिहिलं होतं, जवळजवळ याच क्रमानं. मी वाचून दाखवलं.

"पुस्तक लिवनारा हुशार हाय," तो समाधानानं म्हणाला.

चावीही पुस्तकात लिहिल्याप्रमाणेच अडकली होती, दांडा पीवर पुरता गेल्याशिवाय ती निघत नाही. मग ब्रेकचं: ब्रेक दाबला तरच दांडा मोकळा होतो, आणि मागचे लाल दिवे लागत नसतील तर दोष तिथे. मी ब्रेक दाबायला सांगितलं. मागून आवाज आला, "लागले, दोन्ही!" म्हणजे तेही ठीक. उरली शेवटची ओळ: दांड्याच्या बाजूला लहानसं झाकण असतं, ते उघडून आतल्या खाचेत चावीसारखं काही तरी दाबलं की कुलूप सुटतं.

झाकण होतं. उघडेना. मिस्त्रीनं नख लावलं, पेचकस लावला. प्लास्टिक जुनं, पांढरं पडू लागलं.

"तुटंल," तो म्हणाला. "तोडू का? बटनबी जोर लावून दाबतो. सुटलं तं सुटलं. न्हाई तं दांडाच हातात येईल."

मी बाहेर आक्काकडे पाहिलं. एक वाजत आला होता. औंढ्याला जायला पावणेदोन तास, उजेड सहापर्यंत. तोडा म्हणावं का, हे मी ठरवत होतो. हे असं काही ठरवायचं काम घरात माझं कधी नव्हतं.

तेवढ्यात आक्का म्हणाली, "दाजी, मुंग्या चढून राहिल्या."

"कुठे?"

"माह्या हातावर. सकाळधरून येऊन राहिल्या. आधी वाटलं नारळाला लागल्या. पर ह्या गाडीत चालल्या." तिला दिसत नव्हतं, चौकटीवरच्या हाताला कळत होतं. "गोड सांडलं असंल आत. त्याबिगर कशाला येतीन?"

आम्ही पाहिलं. पुढच्या चाकावरून तांबड्या मुंग्यांची बारीक ओळ, दाराच्या चौकटीवरून पायपुसण्याखाली, तिथून वर, सरळ दांड्याच्या बुडात. जाणाऱ्या एका बाजूनं, येणाऱ्या दुसऱ्या.

"काकवी," मी म्हणालो. "काल सांडली होती. मी पुसली."

मिस्त्री माझ्याकडे बघतच राहिला. "गिअरमधी काकवी?" मग त्याला हसू आवरेना. "दाजी, म्या इंजनात माती पाह्यली, उंदराचं बिऱ्हाड पाह्यलं, एकदा कोंबडीचं अंडं पाह्यलं. काकवी पह्यल्यांदाच." आणि बाहेर ओरडला, "हट्ट्याची काकवी गिअरमधी! थंडीनं बसली घट्ट!"

"हट्ट्याची चांगलीच असते," ओट्यावरून कंबरवाला म्हणाला.

आता सगळं सोपं झालं असं नाही, पण काय करायचं ते कळलं. मिस्त्रीनं आधी बॅटरीची तार सोडली, पाणी आणि करंट एका जागी नको म्हणून. बायकांनी चुलीवर पाणी तापवलं. आक्कानं पोती शिवायचं दाभण बांधलेल्या गाठोड्यातून शोधायला सांगितलं. त्याला मऊ धोतराची चिंधी गुंडाळायची, गरम पाण्यात बुडवून पिळायची, आणि झाकणाच्या कडेनं फिरवायची. चिंधी तपकिरी झाली की टाकून दुसरी. मी हात पुढे केला.

"तुमी नका. जावयाचे हात चिकट झाले तं आक्का मला चहा देनार न्हाई. तुमी वाचा."

"वाचायचं संपलं."

"मंग पुन्ना वाचा. म्या हिकडं करून राहिलो, तुमी तिकडं बोलत ऱ्हा. काम बराबर व्हते."

म्हणून मी तेच पान पुन्हा वाचलं, मग पुढचं, मग टायर बदलण्याचं, मग काच पुसण्याच्या पाण्याचं. तो चिंध्या बदलत होता आणि मधून म्हणत होता, "थांबा जरा," आणि मी बोट पानात घालून थांबत होतो. किती तरी महिन्यांनी मी डावीकडे बसून कुणाला तरी वाचून दाखवत होतो. एकदा मी तीच ओळ दोनदा वाचली. मिस्त्रीनं वर पाहिलं नाही. म्हणाला, "सावकाश वाचा. घाई न्हाई." घाई होती, दोघांनाही माहीत होतं.

झाकण अलगद निघालं. बटण आधी अर्धं, मग पुरतं दाबलं जाऊ लागलं. तार जोडली. मी उजवीकडे गेलो, ब्रेक दाबला, मिस्त्रीनं खाचेत दाभणाचं बोथट टोक दाबलं, आणि दांडा मागे सरकला. समोर एनचं अक्षर उजळलं. चावी फिरवली आणि गाडी चालू झाली.

ओट्यावर कोणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. सगळे एकदम बोलायला लागले, एवढंच.

"पीचा नाद सोडा," मिस्त्री म्हणाला. त्यानं करून पाहिलं होतं, पीचा दिवा लागायचा आणि विझायचा. "आत आजून हाय थोडी. पुन्याला गेल्यावर मोठ्या गॅरेजला खोलून घ्या. तवर उभी करायची एनवर, हँडब्रेक वढून, दगड लावून. चालूबी एनवरच करायची. आन् डब्यात उरली असंल तं द्या, भाकरीसंगं खातो."

सव्वादोन वाजले होते.

औंढा

आक्का पूर्ण रस्ताभर बोलली. बांधबंदिस्ती, विहिरी, कुणाचं वावर कुणाला गेलं. हिंगोली आली, मागे पडली. मी वाचत नव्हतो म्हणून असेल, मला सगळं दिसत होतं: तुरीची कापलेली खुंटं, हरभऱ्याचे तुकडे, बाभळींखाली उभी मेंढरं.

"विजू अशीच चालवायची?" तिनं विचारलं.

"नाही. ती वेगानं. तिला पुढची गाडी सहन व्हायची नाही."

"लहानपनी सायकल अशीच चालवायची. मला मागं बसवून. दोनदा पाडलं." ती हसली. "तुमी न्हाई पाडनार. तुमी लई हळू चालवता."

औंढ्याला पोचलो तेव्हा चार वाजून गेले होते. ऊन तिरपं, पिवळं झालं होतं. प्रसादाच्या दुकानांमधून वाट काढत देवळासमोर, जिथून शिखर पूर्ण दिसतं, तिथे जागा मिळाली. खालचा काळा दगड आणि वर पांढरा कळस. मी दांडा एनवर आणला, हँडब्रेक ओढला. इंजिन बंद केलं नाही. उतरून चाकाला दगड लावला आणि तिच्या बाजूला गेलो.

"खुर्ची मागवतो," मी म्हणालो. "दोन माणसं धरतील."

"कशाला?"

"आत जायचंय ना?"

"आत भुयारात उतरावं लागतंय. वाकून. ह्या कंबरेनं?"

मला हे माहीत होतं, आलो होतो एकदा. लक्षात मात्र आलं नव्हतं. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"माहेर ह्याच मुलखातलं, मला ठाऊक नसंल?"

"मग विजयाला सांगायचं ना."

"तिलाबी ठाऊक व्हतं." आक्कानं पदर नीट केला. "ती म्हणली, गाडी कळसासमोर उभी करते, काचा खाली करते, आन् दोघी बसू. किती दिवस झाले आपुन दोघी निवांत बसलो न्हाई, म्हणली."

 मी गाडीला वळसा घालून आत येऊन बसलो. काचा खाली केल्या.

"ते बंद करा," ती म्हणाली. "त्या आवाजात काय बसायचं?"

"पुन्हा चालू नाही झाली तर?"

"मंग न्हाई झाली."

मी बंद केली. बाजाराचा गलका आत आला, घंटा, कुणी तरी कुणाला तरी हाक मारत होतं. आक्का कळसाकडे बघत होती. किती दिसत होतं कोण जाणे. तिनं हात जोडले नाहीत. थोड्या वेळानं तिनं चाचपडत दांड्यावर हात ठेवला.

"तिचा हात हितंच असायचा?"

"हो. उगीचच. गिअर बदलायचा नसला तरी."

तिनं हात तिथेच ठेवला. आम्ही बसलो. आमच्यात फार बोलणं झालं नाही, आणि जे झालं ते विजयाचं, घरचं, इथे लिहिण्याजोगं नाही. कळसावरचं ऊन वर वर सरकत गेलं. अगदी टोकाशी उरलं तेव्हा आक्का म्हणाली, "झालं. चला." नारळ तिनं पिशवीतून काढला आणि शेजारून जाणाऱ्या एका बाईला दिला, "आत चाललात ना? एवढा वाढवा माझ्या बहिनीच्या नावानं."

मी ब्रेक दाबला, अक्षर पाहिलं, चावी फिरवली. गाडी चालू झाली.

शुक्रवारी सुधाकर आला. कुलूप लागलं. आक्का त्याच्या गाडीत मागच्या सीटवर बसली आणि मी माझ्या वाटेनं निघालो.

आता रविवारी सकाळी दहाच्या सुमारास सुरतेहून फोन येतो. तब्येत, जेवणखाण सगळं नंतर. आधी ती विचारते, "चालू झाली का?" हो म्हणायचं तर पाहायला हवं. म्हणून पावणेदहाला मी खाली उतरतो, जांभळाची पानं काचेवरून काढतो, चावी फिरवतो आणि फोनची वाट बघत गाडीतच बसतो. गेल्या रविवारी मात्र तिनं विचारलं नाही.

"आवाज ऐकू येऊन राहिला," ती म्हणाली. "आता तब्येत सांगा."